उपटेकाका पहिल्यांदा पुढे जातात

उपटे हे त्यांचं आडनाव नाही. तरी गिर्यारोहण क्लबच्या पत्रांवर गेली कित्येक वर्षं 'श्री. उपटे' असंच छापून येतं. एकदा 'सौ. उपटे' असं पाकीट घरी आलं, तेव्हा काकूंनी ते न फोडता परत पाठवलं. 'या नावाचं येथे कोणी राहत नाही,' असं त्यावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं.

नाव पडलं ते कामावरून. आठवड्याचे सहा दिवस उपटेकाका सोफे उघडे करतात. सोफ्यांचं कापड बदलून देण्याचं दुकान त्यांचं आणि मेहुण्याचं मिळून आहे. जुनं कापड उतरवणं आणि त्याखालचे खिळे एकेक करून काढणं हे काकांचं काम; नवं कापड ताणून खिळे मारणं हे मेहुण्याचं. या वाटणीत आजवर बदल झालेला नाही. काका एका गुडघ्यावर बसतात, चपट्या टोकाचं हत्यार खिळ्याच्या डोक्याखाली सरकवतात, मनगट जरासं वळवतात आणि खिळा डब्यात पडतो. लाकडाला चरा जात नाही. "मी मारलेलेच खिळे बारा वर्षांनी भावजी काढतात," मेहुणा गिऱ्हाइकांना सांगतो. "दोघांचं पोट एकाच खिळ्यावर चाललंय."

एकतीस वर्षांपूर्वी असंच एक गिऱ्हाईक आपली आरामखुर्ची घेऊन आलं आणि काकांचे हात बघत अर्धा तास उभं राहिलं. तो माणूस क्लबचा त्या वेळचा सर्वांत धाडसी चढणारा होता. येत्या रविवारी मोकळा आहेस का, एवढंच त्याने विचारलं.

त्याची अडचण साधी होती. कातळाच्या काही भिंती अशा असतात की तिथे बोटाला धरायला काही नसतं. नुसती एक भेग वर गेलेली असते. अशा ठिकाणी भेगेत लोखंडी मेख ठोकतात. तिला पिटॉन म्हणतात. पिटॉनच्या डोक्याला नेढं असतं. त्यात कडी अडकवायची, कडीला पट्ट्यांची छोटी शिडी, आणि त्या शिडीवर उभं राहून पुढचा पिटॉन ठोकायचा. पुढे जाणारा आपला दोरही त्याच कड्यांतून ओवत जातो. वरचा पिटॉन निसटला तर खालचा त्याला झेलतो. आणि मागून येणारा माणूस हे सगळे पिटॉन काढत काढत वर येतो, कारण पुढच्या टप्प्यावर तेच पुन्हा लागतात. ठोकणारे क्लबमध्ये पुष्कळ होते. नीट काढणारा एकही नव्हता. भिंतीभिंतींवर क्लबचं लोखंड गंजत पडलं होतं.

त्या रविवारपासून काका मागून जाऊ लागले. एकतीस वर्षांत ते क्लबच्या सगळ्या मोठ्या भिंती चढले, आणि प्रत्येक भिंत दुसऱ्या नंबरवर. वर जे ठोकलं गेलं ते खाली आलं, एकही मागे राहिला नाही, हा त्यांचा अभिमान. पुढे जायची इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. इच्छा होती असंही नाही. "पुढच्याला दिसतं काय? नुसता दगड," ते म्हणत. "मला निदान पुढच्याचे बूट तरी दिसतात."

गेल्या सहा वर्षांत दिसणारे बूट त्यांच्या मुलीचे होते. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते आणि पुढे चढण्यात क्लबमध्ये तिचा हात धरणारं कोणी नाही. बाप-लेकीची जोडी ठरून गेली होती. ती ठोकणार, तो काढणार. यंदा दोघांनी एक मोठी भिंत ठरवली, तीन दिवसांची. आणि नेमका तेव्हाच क्लबच्या समितीने नियम केला.

त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी एका जोडीतल्या पुढच्या माणसाचं मनगट अर्ध्या भिंतीत मुरगळलं. मागच्याला पुढे जाणं येत नव्हतं. दोघं दीड दिवस कातळाच्या एका अरुंद कंगोऱ्यावर बसून राहिले आणि एकमेकांशी कायमचं भांडले. तेव्हापासून मोठ्या भिंतीवर जाणाऱ्या जोडीतल्या दोघांकडेही पुढे चढण्याची परीक्षा पास झाल्याचा दाखला हवा, असं ठरलं. काकांकडे तो नव्हता. मुलीने दुसरा जोडीदार घ्यावा, असं समितीने सुचवलं. नावही सुचवलं: दंतवैद्य.

दंतवैद्य उमदा माणूस आहे. दाखला आहे, दंड आहेत, सगळं सामान नवंकोरं आहे. "काका, तुम्ही आता आराम करा, मी आहे ना," असं तो मनापासून म्हणाला, आणि काकांनी त्याच दिवशी परीक्षेचा अर्ज भरला.

"त्रेपन्नाव्या वर्षी परीक्षा," काकू म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या वेळी बीकॉमचा शेवटचा पेपर राहिला होता, तो अजून राहिलाय."

"त्यात पिटॉन नव्हते," काका म्हणाले.

तयारी मुलीने करून घेतली. सहा रविवार ती त्यांना गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत घेऊन गेली. तिथे एक भेग जमिनीला समांतर, कमरेच्या उंचीवर आडवी गेली आहे. काका त्या भेगेत पिटॉन ठोकत बाजूबाजूने सरकायचे. घरात पिटॉन सहाच होते, बाकीचे क्लबच्या कपाटात. त्यामुळे पुढचा ठोकायला मागचा काढावा लागे. ठोका, सरका, काढा, ठोका. सहा रविवार हेच. यात काही चुकतंय असं ना बापाला वाटलं ना लेकीला.

तोंडी परीक्षा क्लबच्या खोलीत झाली. परीक्षक बाई नकाशे काढणाऱ्या कार्यालयात नोकरी करतात. एक सेंटिमीटर म्हणजे किती मीटर, याच्याशिवाय दुसरा विचार त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसत नाही. टेबलावर चादर पसरून त्यांनी पिटॉन मांडले होते. त्यांनी पहिला उचलला, लांबट, पातळ, सुरीच्या पात्यासारखा.

"हा कोणता?"

"पातं."

"कधी वापरणार?"

काका घुटमळले. "निघताना त्रास देतो हा. नाजूक मानेचा. मागेपुढे हलवताना जोर केला की नेढ्यापाशी तुटतो."

"काका, मी विचारलं कधी ठोकणार."

"तेच सांगतोय. जिथून इतक्या हळू काढावा लागतो, तिथे. पोस्टकार्ड सरकेल एवढ्या भेगेत."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि दुसरा उचलला. हा जाड, चौकोनी अंगाचा, टोकाकडे निमुळता. क्लबमध्ये त्याला बाण म्हणतात.

"बाण. हा सज्जन. डावीकडे सहा टोले, उजवीकडे सहा, परत डावीकडे, की हातात येतो. आडव्या भेगेत सर्वांत छान. करंगळी जाणार नाही पण तिचं नख जाईल, अशी भेग."

"आणि हा?" पत्रा दुमडून केलेला, पागोळीखालच्या पन्हळीसारखा.

"पन्हळ. रुंद भेगेसाठी. याचे तीन काठ दगडाला टेकतात, म्हणून हा धरतो घट्ट आणि सोडतोही उशिरा. रुसलेल्या पाहुण्यासारखा. उठतो म्हणतो आणि बसून राहतो."

चोचीसारखा वाकडा आला. "चोच. केसाएवढ्या भेगेत अडकवायची. काढताना खालून वर मारायचं. बाजूने मारणारा गाढव." मग टपाल तिकिटाएवढा एक तुकडा आला. त्याला क्लबमध्ये तिकीट हेच नाव आहे. काकांनी तो तळहातावर घेतला. "याच्यावर माणूस उभा राहतो हे मला अजून पटलेलं नाही. काढायला मात्र फुंकर पुरते."

"ठोकलेला पिटॉन चांगला बसला हे कसं ओळखाल?"

"आवाजावरून. प्रत्येक टोल्याला सूर चढत गेला की बसला. सूर तोच राहिला, नाहीतर भद्द झाला, की आत पोकळ. असा पिटॉन मला फार आवडतो."

"आवडतो?"

"काढायला सोपा," काका म्हणाले आणि लगेच, "पण ठोकणार नाही."

पन्नासपैकी पन्नास मिळाले. बाईंनी शेऱ्यात लिहिलं, 'ज्ञान परिपूर्ण. दिशा उलटी.'

प्रत्यक्ष परीक्षा पुढच्या रविवारी, त्याच खाणीत, पण उभ्या भेगेवर. उंची चार मजल्यांची. नियम असा की परीक्षक खाली दोर धरणार, उमेदवार पिटॉन ठोकत, त्यांतून दोर ओवत माथ्यावर पोचणार, आणि मग परीक्षक दोरावरून चढत, प्रत्येक पिटॉन तपासून काढत वर येणार. बघणाऱ्यांनी बोलायचं नाही. बोलल्यास उमेदवार नापास. मुलगी एका दगडावर बसली होती. दंतवैद्य साक्षीदार म्हणून आला होता आणि त्याने सगळ्यांसाठी थर्मासमधून कॉफी आणली होती.

काकांनी पहिला बाण ठोकला. सूर चढत गेला. शिडी अडकवली, दोर ओवला, वर उभे राहिले. दुसरा ठोकला, दुसरी शिडी अडकवली, तिच्यावर गेले. मग खाली वाकून पहिली शिडी घेतली, दोर सोडवला, डावीकडे सहा, उजवीकडे सहा, आणि पहिला बाण काढून खांद्यावरच्या पट्ट्यात अडकवला.

"पहिला काढला तेव्हा मला वाटलं, सामान वाचवताहेत," परीक्षक बाईंनी नंतर समितीला सांगितलं. "कधीकधी करतात तसं. दुसरा काढला तेव्हा वाटलं, माणूस फारच काटकसरी आहे. तिसऱ्याला मी हाक मारली. ते 'हो, हो' म्हणाले आणि चौथा ठोकून तिसरा काढला."

काका रंगात आले होते. भेग मनासारखी होती. हातोडीचा आवाज स्वच्छ येत होता. पुढे जाणं इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढे जाणाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं वर जाताना कमी होत जातं, हे एकतीस वर्षं त्यांनी खालून पाहिलं होतं. आपलं होतं तेवढंच आहे, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. दगडावर बसलेल्या मुलीने आपल्या ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. दंतवैद्याच्या हातातली कॉफी तशीच होती.

"काका," बाई खालून म्हणाल्या, "हातोडी खाली करा आणि दोराकडे बघा."

काकांनी पाहिलं. दोर त्यांच्या कमरेपासून निघून थेट बाईंच्या हातात गेला होता. मध्ये काही नव्हतं. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा दोन्हीकडे बांधलेली असते. ही एकाच बाजूला होती, आणि ती बाजू म्हणजे ते स्वतः. खाली दोन मजले मोकळी हवा. सगळे पिटॉन त्यांच्या खांद्यावर होते, ओळीने, स्वच्छ, नीट काढलेले. फक्त एक भेगेत होता. तो म्हणजे ज्याच्यावर ते उभे होते ते पातं, अर्धंच आत गेलेलं. आणि हे पातं कसं निघेल, हे जगात कोणाला नेमकं माहीत असेल तर त्यांनाच. आधी किंचित डावीकडे मान टाकेल. मग एक बारीक करकर ऐकू येईल. मग काही ऐकू येणार नाही.

ते हलले नाहीत. श्वाससुद्धा त्यांनी मापात घेतला.

"पुढे काय ठोकणार?" बाईंनी विचारलं. आवाजात फरक नव्हता.

"पन्हळ."

"का?"

"उठता उठत नाही म्हणून."

डोक्याच्या वर भेग रुंदावली होती. काकांनी पन्हळ हाताने सरकवली, ती तीन चतुर्थांश आत गेली, आणि मग ठोकायला सुरुवात केली. सूर चढला, चढला, आणखी चढायला जागा उरली नाही तरी ते ठोकत राहिले. दोर ओवला. तिच्यावर उभे राहिले. आणि हात आपसूक खाली पात्याकडे गेला. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून वर आणला, असं दंतवैद्य सांगतो. त्यानंतर माथ्यापर्यंत ठोकलेला एकही त्यांनी काढला नाही. पण प्रत्येक वेळी मागे वळून असं बघत होते की जणू दुकानाला कुलूप न लावताच निघालेत.

बाई वर आल्या, कागद काढला आणि शांतपणे वाचून दाखवलं. "ठोकणं उत्तम. निवड उत्तम. संरक्षण नाही. दोन मजले मी दोर धरून नाही, नुसती भाबडी आशा धरून उभी होते. नापास. तीन आठवड्यांनी परत देता येईल."

मोठ्या भिंतीची तारीख दोन आठवड्यांवर होती.

परतताना बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली होती, काका शेजारी. मांडीवर पिटॉनची पिशवी.

"मला सहा रविवार दिसलं नाही," ती म्हणाली. "चूक माझी पण आहे."

"तू ये दंतवैद्याबरोबर जाऊन. ठोकतो बरा."

"काढतो कसा?"

"माणसांचे चांगले काढतो."

ती हसली, पण नाही म्हणाली नाही. रजा मंजूर झालेली होती. पुढच्या रविवारी ती दंतवैद्याला घेऊन सरावाला गेली. संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले आणि जेवायला बसली. भाताचे दोन घास झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, "तीन राहिले."

काकांचा हात थांबला. "कुठले?"

"दोन बाण, एक पन्हळ. म्हणाला, अक्कलदाढेपेक्षा घट्ट आहेत. भूल देता येत नाही म्हणाला."

"पन्हळ कुठे?"

"बाबा, जेव आधी."

"भेगेच्या वळणाच्या वर की खाली?"

"आता हे ताटावरून उठतील," काकू म्हणाल्या. "लहानपणी तुझं नाक वाहायचं तेव्हासुद्धा उठले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मुलीने लॅबमधल्या मैत्रिणीशी रजेची अदलाबदल केली. भिंत दोन आठवड्यांनी पुढे गेली. काकांना तिने ते भावनेबिवनेने सांगितलं नाही. "तीन दिवसांची भिंत आहे. रोज तीन राहिले तर तिसऱ्या दिवशी मी काय ठोकू, चमचे? मला काढणारा हवाय. तेव्हा तू पास हो. दुसऱ्यांदा तारीख बदलणार नाही मी. नापास झालास की मग दंतवैद्य तर दंतवैद्य."

म्हणजे संधी एकच होती. काकांना ठोकता येत होतं, भीतीही नव्हती. फक्त हात ऐकत नव्हता. त्यांनी खाणीत जाऊन सराव केला तर हात पाचव्या पिटॉनपर्यंत शहाण्यासारखा वागायचा आणि सहाव्याला गुपचूप खाली जायचा. मुलीने त्यांच्या मनगटाला लाल फीत बांधून पाहिली. काकांनी त्या फितीसकट सहावा पिटॉन काढला.

तोडगा काकूंनी काढला, तोही भाजी निवडताना.

"दादा कधी खिळे काढतो का?" त्यांनी विचारलं. दादा म्हणजे दुकानातला मेहुणा.

"तो कशाला काढेल?"

"एखादा वाकडा मारला तरी?"

"नाही. ठेवतो तसाच. म्हणतो भावजी बघतील."

"का ठेवतो?"

"माझं काम आहे ते."

"मग तुम्ही तुमच्या मागच्याचं काम का पळवता?" काकू म्हणाल्या आणि देठं बाजूला सारली. "त्या बाईंनी वर येऊन करायचं काय? निसर्ग बघायचा?"

दुकानात त्या आठवड्यात मेहुणा खिळे मारत असताना काका पहिल्यांदाच शेजारी उभे राहून बघत होते, असं मेहुणा सांगतो. "मला वाटलं, वाटणी मोडायचा विचार आहे."

दुसरी परीक्षा पहिलीनंतर तीन आठवड्यांनी झाली. काकांनी पहिला बाण ठोकला, दोर ओवला, दुसऱ्यावर चढले, शिडी सोडवून घेतली. हात खाली रेंगाळला. "मागच्याचा," काका मोठ्याने म्हणाले आणि हात वर नेला. दुसऱ्याला म्हणाले, "मागच्याचा." असं प्रत्येक पिटॉनवर नाव घातल्यासारखं म्हणत ते चढत गेले. खाली सगळ्यांना ऐकू येत होतं. उमेदवाराने बोलू नये असा नियम नसल्याने बाईंनी काही लिहिलं नाही. माथ्यावर पोचले तेव्हा काकांच्या खांद्यावर एकच चोच उरली होती आणि खाली भेगेत अकरा पिटॉन होते.

बाई दोरावरून चढू लागल्या. प्रत्येक पिटॉनवर त्यांनी आपलं सगळं वजन टाकून दोनदा हिसका दिला. एकही हलला नाही. मग हातोडी घेतली. डावीकडे सहा, उजवीकडे सहा, आणि पिटॉन हातात. सगळे तसेच. निघताना अडेल असा एकही नव्हता, कारण ठोकतानाच प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी हलायला जागा आहे हे बघून काकांनी ठोकलं होतं. क्लबमध्ये आजवर कोणी हा विचार केला नव्हता. ठोकणाऱ्यांना काढावं लागत नव्हतं. बाई माथ्यावर आल्या, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

"अकरा पिटॉन, चौदा मिनिटं."

काकांचा चेहरा पडला. "सैल बसले होते का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पास."

दाखल्यावर कोणतं आडनाव घालायचं, यावर समितीच्या चिटणिसाने काकूंना फोन केला. त्यांनी खरं आडनाव सावकाश, दोनदा, अक्षर सुटं करून सांगितलं.

मोठी भिंत बाप-लेकीने ठरल्याप्रमाणे तीन दिवसांत केली. मुलगी पुढे, काका मागे. अपवाद एक: दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे हात सुजले होते, तेव्हा एक टप्पा काका पुढे गेले. नऊ पिटॉन ठोकले, वर जाऊन दोर बांधला आणि कंगोऱ्यावर बसले. खालून मुलीच्या हातोडीचा आवाज यायला लागला. काका टोले मोजत होते. पहिला बारा टोल्यांत निघाला. दुसरा पंधरा. तिसऱ्याला वीस झाले तरी आवाज थांबेना, तेव्हा ते कड्यावरून खाली वाकले.

"डावीकडून मार."

"मारतेय."

"पूर्ण टोकापर्यंत जाऊ दे. घाई नको."

"बाबा."

"मनगट सैल सोड."

"बाबा, हे मागच्याचं काम आहे ना?"

काका सरळ बसले. समोर बघायला दरी होती, खूप दूरवर एक रस्ता होता आणि त्यावरून एक ट्रक जात होता. तो वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तो पाहिला. खाली एकतीस टोले झाले, मग बत्तीस, आणि मग लोखंड कडीला लागल्याचा आवाज आला.